मी चोवीसवर अडकले

मित्रांनो, मुरुम गावच्या बाजारपेठेत विरेशचा फोटो स्टुडिओ आहे. पुढे दुकान, मागे घर. दुकानातल्या कपाटाच्या खालच्या खणात जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक लेन्स पडून आहे, ती मी. मला जुनी म्हणतात, पण वयानं मी जुनी नाही. माझ्या पोटातल्या काचेवर बुरशी चढू लागली आहे. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक धागे रोज थोडे पुढे सरकतात आणि मला ते अडवता येत नाहीत. आता खणाच्या फटीतून येणारा उजेडही मला धुक्यातून आल्यासारखा दिसतो. म्हणून घाईनं सांगते. दिसतंय तोवर सांगून घेते.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यातला. तिथं काचेची भिंगं घासून, पुसून, एकामागं एक रचून माझी नळी तयार झाली. माझ्या अंगावर एक रबरी कडं आहे. ते फिरवलं की चोवीसपासून सत्तरपर्यंतचे आकडे सरकतात. चोवीसवर मला अख्खी खोली दिसते. सत्तरवर एकच चेहरा दिसतो, अगदी त्याच्या गालावरच्या तिळासकट. अशा लेन्सला स्टँडर्ड झूम म्हणतात. म्हणजे रोजच्या कामाची, सगळ्याला पुरणारी.

विरेशनं मला सोलापूरच्या एका दुकानातून निवडून आणलं. त्यानं नुकताच मिररलेस कॅमेरा घेतला होता, आतला आरसा काढून टाकलेला, वजनाला हलका. त्याला शोभेल अशी लेन्स हवी होती. काउंटरवर आम्ही तिघी मांडलेल्या होतो.

"ही पन्नासची घ्या," दुकानदार म्हणाला. "एकाच आकड्याची आहे, पण चेहरा असा येतो की माणूस स्वतःलाच ओळखत नाही."

"आन् मागं कुठं सरकायचं?" विरेश म्हणाला. "आमच्याकडच्या घरांत मागं सरकलं की पाठीला भिंत लागती, न्हायतर म्हैस."

"मग म्हशीचाही काढा!"

"म्हैस हसत न्हाय वो."

मग दुकानदारानं दुसरी पुढे केली. तीही झूम होती, पण तिची नळी बाहेर येत नव्हती. सगळं पोटातल्या पोटात. "हिच्यात धूळ शिरायची नाही. तुमच्या भागाला हीच बरी," तो म्हणाला. विरेशनं ती कॅमेऱ्याला लावून पाहिली. ती अठ्ठावीसपासून सुरू होत होती. दुकानाच्या भिंतीला पाठ लावली तरी दुकानदाराचा एक खांदा बाहेरच राहिला.

मग त्यानं मला लावलं आणि कडं चोवीसवर आणलं. "आलं बगा सगळं! तुमी आलाव, काउंटर आलं, तुमचा गार झालेला चहाबी आला."

"अंधारातही चालेल, उजेड आत घेणारं छिद्र मोठं आहे," दुकानदार म्हणाला. "पण एक ऐका. हिची नळी पुढे येताना हवा ओढते. हवेबरोबर काय काय ओढेल ते सांगता येत नाही. जपावं लागेल."

"जपू की," विरेश म्हणाला.

आणि खरंच त्यानं मला जपलं. पहिली काही वर्षं मी सोन्यासारखी राहिले. मुरुमपासून उमरग्यापर्यंतच्या लग्नांत मी हिंडले. चोवीसवर मांडव आणि सत्तरवर नवरीच्या पापणीवर अडकलेली अक्षता. लोक विरेशला विचारत, "दुसरी लेन्स न्हाय का आणली?" तो मला थोपटून म्हणायचा, "हिच्यात सगळं हाय." ते ऐकून मला किती बरं वाटायचं!

पण मित्रांनो, मी फक्त लग्नं पाहिली नाहीत. आमच्याकडच्या लिंगायत घरांत माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. न्हाऊ घालतात, कपाळावर विभूती लावतात, डोक्याला रुमाल बांधतात आणि भिंतीला टेकवून बसवतात. मग घरचे सगळे भोवती जमतात आणि फोटोवाल्याला बोलावणं येतं. अशा फोटोत अख्खं घर येतं आणि मधोमध एक माणूस डोळे मिटून. कित्येकदा तो त्या माणसाचा आयुष्यातला पहिलाच फोटो असायचा. असे फोटो मी फार काढले. विरेश ज्या घरांत जायचा तिथं 'बसवलं' हा शब्दसुद्धा जपून वापरायचे.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याचा विळा, सुताराचा रंधा, तसा विरेशचा कॅमेरा आणि मी. आम्हाला पाटावर मांडून विरेश झेंडूची फुलं आणायला गेला. त्याची आई पार्वतम्मा पूजेला बसली. माझ्या तोंडावर झाकण होतं. तिनं ते काढलं.

"झाकून ठिवल्यावर द्यावाला कसं दिसंल?" ती स्वतःशीच म्हणाली. पाण्यानं ओली करून विभूतीत बुडवलेली तीन बोटं तिनं माझ्या काचेवर आडवी ओढली, अगदी स्वतःच्या कपाळावर ओढावी तशी. वर सुकी विभूतीही उधळली. तिच्या मनात निव्वळ माया होती. माझ्याइतका मान तिनं विळ्यालाही दिला नाही.

विरेश आला आणि उंबऱ्यातच थबकला. "अव्वा, हे काय केलं!"

"इभूत लावली. का रं? वंगाळ झालं का?"

म्हातारीचं तोंड एवढंसं झालेलं पाहून त्यानं मला नुसतं पाटावरून उचललं. धोतराच्या फडक्यानं त्यानं मला पुसलं. राख काचेवर घासली गेली आणि बारीक ओरखडे उठले. उरलेली राख माझ्या नळीच्या फटीत उतरली. पुढच्या वेळी कडं फिरलं तेव्हा मी हवा ओढली आणि हवेबरोबर ती राखही पोटात ओढून घेतली.

त्या दिवसापासून कडं करकरायला लागलं. विरेशच्या कानांना ते ऐकू यायचं. दुरुस्तीला पुण्याला पाठवायला हवं हे त्याला कळत होतं. पण पाठवलं तर लग्नं कशावर काढायची? "एवढी सराई झाली की पाठवू," असं तो म्हणत राहिला. मी प्रत्येक वेळी थोडी अधिक घट्ट होत गेले. मित्रांनो, रोज थोडं थोडं अडकत जाणं फार वाईट. ओरडता येत नाही, आणि समोरचा हसून म्हणतो, "आजचा दिवस काढ गं बाई."

ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत जवळच्या गावातून हरणाबाईचा निरोप आला. तिचा नवरा बंडप्पा अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. त्या माणसानं जन्मात फोटो काढू दिला नव्हता. त्याच्या थोरल्या भावाचा घरात एकच फोटो होता, तो बसवल्यानंतरचा. तेव्हापासून बंडप्पा म्हणायचा, फोटो म्हणजे मेल्यावरचं काम. सून उमादेवी मोबाईल उचलायची तेव्हा तो तोंड फिरवायचा. आता मात्र बायकोच्या रडण्यापुढं तो नमला होता. "एकच," त्यानं बजावलं होतं. "चोरून न्हाय, सांगून. मोठ्या मशीननं. पुन्ना कुणी समोर यायचं न्हाय."

हरणाबाईनं विरेशला दारातच धरलं. "लेकरा, मला निस्ता त्येंचा चेहरा पायजे. डोळं उघडं असल्याला. त्यो मिटल्याला मला बगायचा न्हाय. काढशील न्हवं?"

"काढतो की, हरणाक्का. त्याच्यासाठीच तर आलोय."

दुपारची वेळ होती. खोलीत उजेड येत होता तो एकट्या दारातून. अर्ध्या खोलीत ज्वारीची पोती रचलेली, उरलेल्या जागेत बाज. विरेश पोत्यांना पाठ लावून उभा राहिला. चोवीसवर सगळी खोली आली. मग चेहऱ्यासाठी त्यानं माझं कडं सत्तरकडे फिरवलं.

मी हलले नाही.

त्यानं पुन्हा फिरवलं. कर्र असा आवाज झाला आणि मी तिथंच राहिले. दुसरी लेन्स त्यानं आणलीच नव्हती. त्याच्या बोटांना सुटलेला घाम मला कळत होता. चोवीसवर बंडप्पाचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा दिसत होता. म्हणून तो पुढे सरकला, आणखी पुढे, अगदी बाजेवर वाकला. पण चोवीसवर इतक्या जवळून चेहरा वेडावाकडा होतो. म्हाताऱ्याचं नाक भोपळ्याएवढं दिसू लागलं.

"मशीन काय तोंडात घालतो व्हय रं?" बंडप्पा पुटपुटला आणि डोकं मागे घेऊ लागला.

विरेश मागे आला. मला सोडवायला त्याला थोडा वेळ हवा होता. त्या गडबडीत त्याच्या तोंडून गेलं, "उमावैनी, आप्पांना जरा बसवून घ्या."

खोली गार पडली. उमादेवीचा पुढे झालेला हात तसाच राहिला.

"जीभ झडंल तुझी!" हरणाबाई कडाडली. "माझा धनी जित्ता हाय अजून!"

"चुकलं, हरणाक्का! बसवून न्हाय, जरा उठवून म्हणायचं हुतं..."

"आता उठवायला निगाला! हारबी संगटच आणला का?"

बंडप्पा सावकाश कुशीवर वळला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. माझ्यासमोर फक्त त्याची पाठ उरली, बंडीवरच्या सुरकुत्या आणि त्याच्यामागे शेणानं सारवलेली भिंत. हरणाबाई जमिनीवर बसली आणि कपाळ बाजेच्या खुराला टेकवून रडू लागली. "आवं, वळा की इकडं. एकडाव वळा. माझ्यासाटी वळा."

विरेश दोन्ही हातांनी मला पिळत होता. मी जीव एकवटून फिरायला बघत होते. पोटातली राख दातात खडा यावा तशी अडत होती. मला एकच कळत होतं, की हा माणूस वळला तरी त्याचा चेहरा मला घेता येणार नाही. आणि न वळताच गेला, तर या बाईला मिटलेल्या डोळ्यांशिवाय काही उरणार नाही.

तेवढ्यात बंडप्पाचे खांदे हलायला लागले. हरणाबाई किंचाळून उठली. तिला वाटलं, श्वास लागला. तिनं त्याला धरलं, आपल्याकडे वळवलं.

म्हातारा हसत होता. दात नसलेलं तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. "दम धर की विरेशा," तो खोकत म्हणाला. "बसवायची लई घाई झाली व्हय तुला? सांच्याची भाकर तरी खाऊ दे!"

हरणाबाईनं त्याच्या खांद्यावर एक चापट मारली. रडता रडता तीही हसली आणि त्याला कवटाळून बाजेच्या कडेला टेकली.

हाच क्षण होता. विरेशनं सगळा जोर लावून कडं पिळलं. माझ्या आत कट्ट झालं. काहीतरी मोडलं, आणि कडं नुसतंच गरगर फिरायला लागलं. मी चोवीसवरच होते. आता कायमची.

त्यानं तसंच बटण दाबलं.

"झालं?" बंडप्पानं विचारलं. "एकच म्हणालो हुतो." आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

त्याच आठवड्यात तो गेला. त्याला बसवलं तेव्हा फोटोवाल्याला कुणी बोलावलं नाही. हरणाबाईनं बोलावू दिलं नाही.

ती स्टुडिओत आली ती फोटोसाठी. विरेशनं संगणकावर तो दाखवला. चेहरा मोठा करायला गेलं की त्याचे ठिपके ठिपके होत होते. दाराचा उजेड माझ्या ओरखड्यांवर पसरून एक दुधी पट्टा फोटोवर उमटला होता. आणि हरणाबाईचा कवटाळणारा हात म्हाताऱ्याच्या हनुवटीवरून गेला होता.

"एकटा चेहरा न्हाय निगत, हरणाक्का," विरेश खाली बघत म्हणाला. "तुमचा हात काढला तर त्येंची हनवटी जाती."

"मी निस्ता चेहरा मागितला हुता रं," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. पण मी कपाटात होते आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो. पदरानं तोंड पुसून ती तोच फोटो घेऊन गेली. बाज, पोती, हसणारा म्हातारा आणि त्याला बिलगलेली ती, सगळं असलेला.

पुढचं विरेशनं पार्वतम्माला सांगताना मी ऐकलं. कार्याच्या दिवशी फोटो भिंतीवर लावला. पाहुण्यांनी हार आणला. उमादेवी स्टुलावर चढली, तोच हरणाबाईनं तिचा हात धरला.

"थांब गं. त्या फोटूत मीबी हाय. जित्त्या माणसाला हार घालती व्हय?"

उमादेवी हार घेऊन तशीच उभी राहिली. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी कुणीतरी तो हार दारावरच्या तोरणात अडकवला.

मित्रांनो, विरेश आता नवी लेन्स निवडतो आहे. मोबाईलवर बोटं फिरवत बसतो, कधी ही बघतो, कधी ती. मला त्याला सांगायचं आहे, की कोणतीही घे, पण पहिल्यांदा करकरली की त्याच दिवशी दुरुस्तीला दे. सराई संपायची वाट बघू नकोस. पण माझा आवाज खणाबाहेर जात नाही. तुम्ही तरी ऐका. अवजार तक्रार करतं तेव्हा ते हळू बोलतं, आणि ते मोडतं ते नेमकं दुसऱ्याच्या गरजेच्या वेळी. तुमच्या घरात कुणी तोंड फिरवणारं म्हातारं माणूस असेल, तर त्याला सांगून, हसवून, डोळे उघडे असतानाच त्याचा फोटो काढा.

काल दुकानात कुणी बोलत होतं, हरणाबाई हल्ली जेवत नाही म्हणून. तेव्हापासून मला चैन नाही. ती आहे तोवर बंडप्पाच्या फोटोला हार नाही. मला आता नाही जपलं तरी चालेल. तिला जपा.