मल्लप्पांचं पान

“फाडा की ते पान,” चुलीपाशी बसलेली गंगम्मा नवऱ्याला म्हणाली. “उद्या साहेबाला दिसलं तर नोकरी तर जाईलच, तुमाला बी आत टाकतील.”

चन्नप्पा मास्तरांच्या मांडीवर इतिहास वाचक मंडळाची वही होती. पाचवी ते सातवीला इतिहास शिकवणारे आठ जण शनिवारी सकाळची शाळा सुटली की एक पुस्तक वाचायचे. मग एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बोलावून त्याची आठवण लिहून घ्यायचे आणि खाली त्याचा अंगठा. मंडळाचे चिटणीस मास्तर. तसे ते शूर होते, पण तीनशे वर्षांपूर्वीच्या लढायांपुरते.

जूनच्या बैठकीला दाक्षायणीबाईंनी, मंडळातल्या शिक्षिकेनं, आपल्या वडिलांना आणलं होतं. मल्लप्पा गिरणी कामगार. सोलापुरात लष्करी कायदा लागला तेव्हाचं ते बोलले आणि मास्तरांनी जसंच्या तसं उतरवलं: ‘रस्त्यावर लष्कर हाय. डोक्यावर टोपी दिसली की धरत्यात. मला बी धरलं. हे सरकार मी मानत न्हाई.’ ही गोष्ट एकोणीसशे तीस सालची, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक, म्हणून साल लिहायचं कुणालाच सुचलं नाही. पानाच्या माथ्यावर तारीख मात्र होती, २८ जून १९७५. आणीबाणी लागून दोन दिवस झाले होते.

दिवाळीत मल्लप्पा गेले. जानेवारीत कलेक्टर कचेरीचं पत्र आलं, ‘मंडळाची वही घेऊन सोमवारी हजर राहावे.’ कारण काही नाही. चार दिवस शेजाऱ्यानं कडी वाजवली तरी मास्तर वही गादीखाली सारायचे.

त्यांनी पान फाडलं. चुलीच्या तोंडाशी धरलं आणि गंगम्मानं ते आत सारलं.

सोमवारी सात रस्ता चौकातून ते कचेरीत गेले. कारकुनानं वही उलटसुलट चाळली.

“मल्लप्पांची जबानी कुठाय, मास्तर?”

“कसली जबानी?” मास्तरांनी विचारलं.

“अहो, त्यांच्या बायकोचा अर्ज आहे, स्वातंत्र्यसैनिक म्हणून नवऱ्याची नोंद व्हावी म्हणून. तुरुंगाचा दाखला सापडत नाही. तुमच्या वहीत अंगठा आहे म्हणाल्या, साहेबांनी म्हटलं मागवा.”

मास्तर बाहेर आले. व्हरांड्यातल्या बाकावर दाक्षायणीबाई आणि त्यांची आई नागम्मा बसल्या होत्या. म्हातारीनं धुवट लुगडं नेसलं होतं.

“दावला का ह्यांचा अंगठा?” तिनं विचारलं.

उंदरानं कुरतडलं म्हणावं, असं मास्तरांच्या मनात आलं. पण तिच्याकडे पाहून त्यांना ते जमेना. ते खाली फरशीवरच बसले.

“अव्वा, मी ते पान जाळलं. मला भीती वाटली.”

दाक्षायणीबाईंनी तोंड फिरवलं. नागम्मा मात्र मास्तरांकडेच बघत होती.

“ह्यांना बी लई भ्या वाटायचं,” ती म्हणाली. “पंचेचाळीस वर्सं कुनाला बोलले न्हाईत. तुमच्याम्होरं तेवडं बोलले.”

मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि तिनं मास्तरांचा हात धरला.

“चला आत. तुमी काय ऐकलं ते साहेबाला सांगा. मी हाय संगं.”

मास्तर उठले. तिनं त्यांचा हात सोडला नाही.