फुकटातलं कार्ड

ताईनं अण्णांच्या गालाची सैल कातडी अंगठ्यानं वर ताणली आणि रेझर कानापासून हनुवटीपर्यंत सावकाश ओढलं. फोन खिडकीच्या कट्ट्यावर, पाण्याच्या वाटीला टेकवून उभा केला होता. हात फेसानं माखलेले, म्हणून परदेशातल्या धाकट्या भावाचा आवाज स्पीकरवर. अण्णांची ऐकायची यंत्रं शेजारीच एका झाकणात काढून ठेवली होती. ती कानात नसली की मागे कपाट कोसळलं तरी अण्णांना पत्ता लागत नसे.

"हे बघ," धाकटा म्हणत होता, "क्रेडिट कार्डावर खर्च केला की माइल्स मिळतात, ते साठले की विमानाचं तिकीट. आता एक कार्ड फुकटातलं. वर्षाला काही भरायचं नाही, पण माइल्स मुंगीच्या पावलांनी जमतात. दुसरं भारीतलं. त्याची वर्षाची फी ऐकूनच घाम फुटतो, पण आठ महिन्यांत तिकडं यायचं तिकीट निघतं. जरा रेटून खर्च केला तर दोन महिन्यांतसुद्धा. शिवाय विमानतळावर वेगळी खोली, आरामखुर्च्या, खाणंपिणं."

"आणि फुकटातल्यावर?"

"अडीच वर्षं धर."

ताईनं रेझर पाण्यात बुडवून हलवलं. पांढरे खुंट फेसावर तरंगले.

फोन तिनंच लावला होता. गेल्या गुरुवारी डॉक्टरांनी तिला बाजूला बोलावून सांगितलं होतं, तीन महिने, फार तर चार. अण्णांना माहीत नव्हतं. धाकट्याला सांगायला तिनं आजची सकाळ धरली होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासताना आठवडाभर ती शब्द जुळवत होती. पण 'हॅलो'च्या पाठोपाठ त्यानं कार्डाचा विषय काढला. म्हणे, बरं झालं तूच फोन केलास, तुझं डोकं व्यवहारी आहे.

"तिकीट नुसतं विकत मिळत नाही का रे?"

"मिळतं की. पण आम्हा चौघांची तिकिटं म्हणजे तुला कल्पना नाही, ताई. पूर्ण पैसे मोजून आजकाल शहाणा माणूस विमानात बसत नाही."

"मग एकटा ये."

"एकटा आलो तर इकडं घर डोक्यावर घेतील. आणि तू आहेस ना तिथं. तू आहेस म्हणून तर मी निवांत झोपतो."

अण्णांना रात्री दोनदा कुशीवर वळवावं लागे, पहाटे चादर बदलावी लागे. तिची स्वतःची झोप चार वर्षांपूर्वी, आई गेल्यापासून, कुठं गेली होती कोण जाणे. तेव्हा धाकटा आला होता. पाच दिवस.

तिनं रेझर वाटीच्या काठावर आपटलं. जरा जोरातच. अण्णांना ऐकू गेलं नाही, पण पाणी उडालं तसा त्यांनी एक डोळा उघडला आणि मिटला.

"ताई, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"डॉक्टर काय म्हणतात? म्हणजे साधारण किती... फीचा विचार करायचा तर ते माहीत असलेलं बरं. अण्णा चांगले असतील तर फुकटातलंच घेतो, घाई कसली. तसं काही असेल तर मग भारीतलं घ्यावं लागेल. त्याची फी परत मिळत नाही गं."

रेझर अण्णांच्या गळ्यावर होतं. ताईनं ते उचललं आणि हात लांब धरला. कानशिलं तापली. बापाचे दिवस हा फीच्या तागडीत टाकून बघत होता, आणि तागडी तिच्या हातात दिली होती.

आई गेली त्या दिवशी तिनं एक नेम धरला होता, या घरात आवाज चढवायचा नाही. रोज सकाळी हात जोडून ती तो पुन्हा घ्यायची. कालचा नेम आजला पुरत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"फुकटातलंच घे," ती म्हणाली. आवाज सायीसारखा मऊ. "डॉक्टर म्हणाले, तब्येत खणखणीत आहे. शंभरी गाठतील."

"खरंच?" पलीकडे सुटकेचा मोठा श्वास ऐकू आला. "जीव नुसता टांगणीला लागला होता. पैसे वाचवलेस माझे."

"वाचवले खरे."

फोन बंद झाला. आवाज चढला नव्हता. नेम मोडला नव्हता. ठुसठुसत्या दातावर जीभ दाबल्यावर वाटतं तसं तिला क्षणभर बरं वाटलं.

तिनं ओल्या टॉवेलनं अण्णांचा चेहरा पुसला आणि यंत्रं त्यांच्या कानांत बसवली.

"बारक्या होता ना?" अण्णा म्हणाले. "फोनवर फोटो दिसला त्याचा. काय म्हणतो?"

"तुमची तब्येत विचारत होता."

अण्णांनी मान डोलावली. मग बोटांनी हनुवटीखाली चाचपलं. "इथं राहिलंय थोडं."

"उद्या करू, अण्णा. मला दुकानाला उशीर होतोय. आणि रोज रोज दाढी हवी कशाला तुम्हाला? कुठं मिरवायला जायचंय?"

"मिरवायला कशाला." अण्णा थोडे ओशाळले. "मागच्या वेळी, तुझी आई गेली तेव्हा, तो अचानक आला. चार दिवसांचे खुंट होते तोंडावर. दारातच म्हणाला, किती म्हातारे झालात, अण्णा. बूटसुद्धा काढायचं विसरला, नुसता बघत उभा राहिला." ते थांबले. "न कळवता येतो तो. आपली तयारी असावी."

ताईनं ब्रश पुन्हा ओला केला, फेस काढला आणि हनुवटीखालचे राहिलेले केस एकेक करून काढले. दुकान उघडायची वेळ होऊन गेली. तिनं हात कोरडे केले, फोन उचलला आणि धाकट्याचा नंबर पुन्हा दाबला.

"आता कुणाला लावतेस?" अण्णांनी विचारलं.

पलीकडे रिंग वाजू लागली. ताईनं फोन खांद्यानं कानाशी धरला, आणि दोन्ही हातांनी अण्णांच्या कानांतली यंत्रं हळूच काढून पुन्हा झाकणात ठेवली.