मागचे दोन सड

गाईने मागचा पाय झाडला, तशी जमुना चरवी उराशी धरून मागे कोलमडली. दाराशी उभी असलेली कौशल्या हसली नाही. सवत घरात गेल्यावर ती गाईखाली बसली, कासेला हात लावला आणि चरवीत धारा वाजू लागल्या. आवाज ओसरीवर बसलेल्या नवऱ्यापर्यंत जावा म्हणून तिने चरवी मुद्दाम कलती धरली.

दूरदेशीच्या कुठल्याशा लढाईने कापसाला सोन्याचा भाव आला होता. खुशालरावांनी चराईचं रानही नांगरून कापसाची पराटी लावली. चारा उरला नाही, म्हणून गुरं विकली. दुधाला एवढी एक गाय ठेवली. आणि पैसा हाती खेळू लागल्यावर जमुनेला दुसरी बायको करून आणलं.

"गाय तिच्या हाताले लागली म्हंजे तू भातकुली गावाले भावाकडं राय," त्यांनी कौशल्येला सांगितलं होतं, बैलाचा सौदा सांगावा तसं.

तेव्हापासून माजघरात जमुनेच्या बांगड्या वाजल्या की कौशल्या गोठ्यात जाई. गाईला मूठभर सरकी चारी, मानेखाली खाजवी.

"तू माही हायेस," ती म्हणे.

एका सकाळी ती विहिरीवरून आली, तर गोठ्यात धारा वाजत होत्या. डोक्यावरची घागर न उतरवताच ती दाराशी गेली. जमुना गाईखाली बसली होती. अंगावर कौशल्येने कालच उतरवून ठेवलेलं लुगडं होतं. गाय त्याचा पदर हुंगत निवांत रवंथ करत होती.

नवरा वाटला गेला तेव्हाही कौशल्येचा जीव एवढा जळला नव्हता. तिने घागर दाणकन खाली ठेवली.

"हे कोनाची अक्कल?"

जमुना दचकली. "त्याइनं सांगतलं. गाय वासानं वळखते म्हने."

कौशल्येने तिच्या पदराला हात घातला, तोच अंगणातून खुशालरावांचा आवाज आला.

"जमलं काय, जमुना?"

जमुनेने तिच्याकडे पाहिलं. मग अर्धी भरलेली चरवी पालथी केली.

"लाथ मारली हो!" ती ओरडली. "मोठ्या बाईबिगर पान्हवतच नाई हे!"

खुशालराव पुटपुटत शेताकडे निघून गेले. दूध शेणात मुरत होतं.

"काहून केलं असं?" कौशल्येने विचारलं.

"तुमी गेल्यावर या घरात मी कोनाशी बोलू?"

कौशल्येने चरवी धुऊन आणली, गाईखाली बसली. ते लुगडं जमुनेला तिच्यापेक्षा खुलून दिसत होतं, आणि तिची नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती. कासेत अजून दूध होतं. बऱ्याच वेळाने ती जराशी सरकली.

"बस इथं. पुढचे दोन सड तुहे."

दूध मागच्या सडांत जास्त असतं. ते तिने स्वतःकडे ठेवले.