औषधाची चकती

शॉवर फिरवून काढला, तरी उघड्या नळीतून पाणी तसंच आलं. करंगळीएवढी धार, तीही भिंतीला चिकटून खाली उतरणारी.

"म्हणजे दोष शॉवरचा नाही," मी म्हणालो.

"मग पाणीच कमी असेल," काकू दारातून म्हणाल्या. "तुझे मास्तर हेच सांगायचे. वरचा मजला, टाकी डोक्यावरच, पाण्याला उतार मिळत नाही."

काकू म्हणजे माझ्या मास्तरांची बायको. मास्तरांना जाऊन तीन महिने झाले होते. प्लंबिंग मी त्यांच्याकडेच शिकलो. या भागात त्यांना नळांचा डॉक्टर म्हणत. भिंतीला कान लावून गळती कुठे आहे ते सांगायचे, आणि भिंत फोडली की ती तिथेच निघायची. अशा डॉक्टरच्या घरात शॉवर मात्र एकोणीस वर्षं आजारी. यावर मास्तर स्वतःच आधी हसायचे, त्यामुळे बाकीच्यांना हसायला मोकळीक मिळायची.

मी खालचा बादलीचा नळ सोडला. एका मिनिटात बादली भरून वाहायला लागली. नळ त्याच भिंतीतला, त्याच पाइपवरचा. टाकी डोक्यावर असली तरी दोन हातांच्या अंतरात पाणी एवढं मरत नाही. हे मला दहा मिनिटांत कळलं, तर मास्तरांना एकोणीस वर्षांत कसं कळलं नाही?

काकू रुग्णालयाच्या लाँड्रीत होत्या. दिवसभर घाणेरड्या चादरी उचलायच्या, भिजवायच्या, पिळायच्या. ती नोकरी त्यांनी मास्तरांना न विचारता धरली होती. पहिल्या पगारातून स्वतःसाठी काय आणलं, तर हा शॉवर. संध्याकाळी वाकून मगाने पाणी घ्यायला पाठ तयार नसायची. उभं राहावं आणि डोक्यावरून धो धो पाणी पडावं, एवढीच त्यांची हौस. शॉवर मास्तरांनीच बसवला. माझ्या घरात दुसऱ्याचा पाना लागणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं.

आणि पाणी आलं ते हे असं. दर दोन-तीन महिन्यांनी काकू कुरकुर करायच्या. मास्तर लगेच स्टूल घ्यायचे, शॉवर उतरवायचे, टाचणीने एकेक भोक साफ करायचे, परत बसवायचे. "घे, नवा करून दिला." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मास्तर आमच्याकडे बघून म्हणायचे, "आमच्या तक्रारपेटीचं समाधान देवही करू शकणार नाही." ते नाव काकूंना चिकटलं. मुलगा आईला फोनवर तक्रारपेटी म्हणतो, सूनही म्हणते. मीसुद्धा हसलोय. त्यांच्याच घरी जेवायला बसून, त्यांच्याच हातचं खाऊन हसलोय.

भिंतीतून आलेली वाकडी नळी मी पान्याने सोडवली. ती एवढी घट्ट होती की स्टूल हललं. भिंतीतल्या आट्यांत बोट घातलं तर आत काहीतरी सपाट लागलं. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं. हिरवट पडलेली पितळेची चकती होती, नाण्याएवढी. मधोमध एकच भोक, आगपेटीची काडी जेमतेम जाईल असं.

मधोमध नव्हतं खरं तर. जरा डावीकडे सरकलेलं होतं. ड्रिल घसरलं होतं, कारण ते मी मारलं होतं.

मास्तरांची ती खास युक्ती होती. एखादं गिऱ्हाईक उद्धटपणे बोललं, वर तोंड करून हुज्जत घालू लागलं, की मास्तर गप्प बसायचे आणि बाहेर आल्यावर म्हणायचे, "याला औषध दे." मग मी पितळी पत्र्याची चकती कापून द्यायचो. ती त्या घराच्या पाइपात जायची. पाणी कमी झालं की गिऱ्हाईक महिन्याभरात हात जोडत यायचं. आम्हाला त्यात गंमत वाटायची. ही चकती मला आठवते. भोक चुकलं म्हणून मी दुसरी कापायला घेतली, तर मास्तर म्हणाले, "चालेल हीच. कुणाला दाखवायचीय?"

"गाळ निघाला का?" काकूंनी विचारलं.

हो म्हणता आलं असतं. मास्तरांचं नाव राहिलं असतं, माझंही. मी मूठ मिटून स्टुलावर उभा राहिलो.

"बघू," काकू म्हणाल्या.

मी मूठ उघडली.

"काय हे?"

"चकती."

"कशासाठी असते?"

"पाणी कमी करायला."

"आपोआप येऊन बसते?"

"नाही. बसवावी लागते."

काकू चकतीकडे बघत राहिल्या. या घराला दुसऱ्याचा पाना लागला नव्हता हे त्यांनाही माहीत होतं.

"पाणी वाचावं म्हणून बसवली असेल," मी म्हणालो. बोलताना माझीच मला लाज वाटली.

"आपली टाकी रोज भरून वाहायची. गच्चीभर पाणी व्हायचं. तेव्हा नाही सुचलं वाचवायचं?"

मग मी सगळं सांगून टाकलं. चकती मी कापली, भोक मी मारलं, कुणासाठी ते मला सांगितलं नव्हतं.

"एरवी कुणासाठी कापायचास?"

"उद्धट गिऱ्हाइकांसाठी."

त्यांनी चकती माझ्या तळहातावरून उचलली. मग म्हणाल्या, "मी उद्धट होते का रे?"

"नाही, काकू."

"मग हसायचास का?"

मी नळी साफ केली, आट्यांवर टेप गुंडाळली, नळी आणि शॉवर बसवले आणि नळ सोडला. पाणी समोरच्या भिंतीपर्यंत उडालं. काकू मागे सरकल्या आणि ओल्या हाताने त्यांनी तोंड पुसलं.

"तू लोकांना काम झाल्यावर कागद देतोस ना? मलाही दे. मुलाला दाखवायचाय."

माझा छापील कागद असतो: तक्रार, कारण, केलेलं काम, सही. मी ओट्यावर ठेवून लिहायला लागलो. तक्रार, शॉवरला पाणी कमी.

"पुढे लिही, तक्रार खरी होती."

लिहिलं. कारण, पाइपात मुद्दाम बसवलेली चकती. मग पेन थांबलं.

"बसवणाऱ्याचं नाव मी सांगेन त्याला," काकू म्हणाल्या. "कापणाऱ्याचं तू लिही."

मी माझं नाव लिहिलं आणि सही केली. त्यांनी कागद उभ्याउभ्या दोनदा वाचला, कपाटात ठेवला आणि तिथूनच टॉवेल घेतला. टाकीचं झाकण बघून येतो, असं काहीतरी बोलून मी गच्चीवर पळालो.

झाकण ठीक होतं. मी टाकीतून खाली जाणाऱ्या पाइपवर पंजा ठेवला. आत पाणी पळत होतं. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तरी पळतच होतं. अर्ध्या तासाने झाकण उघडून पाहिलं तर पाणी तळाला गेलेलं.

मी चार जिने उतरून खाली गेलो आणि काकूंच्या टाकीचा पंप सुरू केला.