दोन्ही बाजूंचा शिपाई

मी बोलतोय तो गौरवीच्या संगणकातून. तुम्ही मला शिपाई म्हणा. मला हाडं आहेत, कातडी आहे, आता तर दात आणि भुवयाही आहेत. पण हात लावायला गेलात तर बोटाला फक्त काचेवरची धूळ लागेल. मी एका व्हिडिओ गेममधला आहे. त्या गेममध्ये दोन फौजा लढतात, एक पूर्वेची आणि एक पश्चिमेची, आणि मी दोन्हीकडून लढतो. हे ऐकून तुम्ही गोंधळला असाल, तर माझं काय होत असेल ते बघा.

माझा जन्म कारापूरचा. गौरवीच्या घरात मागच्या खोलीला एक जनेल आहे, खिडकीच म्हणा, ते कुळागराकडे उघडतं. त्या जनेलाला लागून टेबल, टेबलावर संगणक, आणि त्यात मी. गौरवी बंगळूरच्या एका कंपनीसाठी घरूनच काम करते. गेममधली माणसं घडवायची, हे तिचं काम. मातीचा गोळा ओढावा तसं तिने मला ओढलं, दाबलं, मान काढली, बोटं फोडली. मी तयार झालो तेव्हा करडा होतो, बोडका, अंगावर चिंधी नाही. हात दोन्ही बाजूंना पसरलेले. बगलेत काम करायला ते सोपं जातं म्हणे. मला मात्र बरेच दिवस वाटत होतं की कुणीतरी येऊन मला मिठी मारणार आहे.

आले ते तिचे वडील, चहाचा कप घेऊन. सदाशिव त्यांचं नाव. सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. खाण थांबली, ट्रक गेला, आता ते कुळागरात माडांना आणि पोफळींना पाणी सोडतात. त्यांनी मला पाहिलं आणि कप तसाच हातात राहिला.

"गो बाये, हो कोण उघडो-नागडो उबो केलंस? ह्याका कपडे कोण घालतलो?"

"मीच घालतलंय, बाबा. तुमी चाय थंय ठेवा."

कपड्यांवरूनच पुढचं सगळं झालं.

कंपनीत चित्रांच्या कामाचा प्रमुख स्वप्नील नावाचा माणूस आहे. मूळचा सावंतवाडीचा, राहतो बंगळूरला. तो पडद्यावर येऊन बोलायचा. "गौरवी, शरीर एकच वापर," तो म्हणाला. "कपडे आणि हत्यारं बदलली की दोन फौजा तयार. आधी पश्चिमेची कर, नायक त्याच बाजूचा आहे."

तिने मला पोलादात बसवलं. छातीला पत्रा, मांडीला पत्रा, डोक्यावर लोखंडी टोप, त्याला डोळ्यांपुरती चीर. एका हातात ढाल, दुसऱ्यात सरळ, दोन्हीकडून धार असलेली तलवार. सुरुवातीला त्रास झाला. हात वर केला की खांद्याचा पत्रा सरळ गालात शिरायचा. गौरवीने तो तासून तासून बसवला. तिने सगळी चित्रं एकाच मुलखातली आणि एकाच काळातली घेतली होती, त्यामुळे प्रत्येक वस्तूला तिची जागा होती. कुठला पट्टा कुठल्या बक्कलात जातो हे मला ठाऊक होतं. तिथे मी ऐटीत उभा राहायचो.

मग पूर्वेची पाळी आली.

"बघताक्षणी पूर्वेचा वाटला पाहिजे," स्वप्नील म्हणाला.

"पूर्व म्हणजे कुठली, सर? जपान? चीन? इराण? की आपण?"

"सगळीकडचं थोडं थोडं घे. लोकांना मजा वाटली पाहिजे."

गौरवीने घेतलं. माझ्या खांद्यांवर रेशमी दोऱ्यांनी ओवलेल्या जपानी पट्ट्या आल्या. डोक्यावर आधी मंदील आला, मग टोकदार टोप, मग टोपावर शिंगं. खाली घोळदार विजार. डाव्या हातात चार फुल्यांची गोल ढाल दिली आणि उजव्या हातात बारीक वाकडी तलवार दिली, पण ती तलवार दोन्ही हातांनी धरायची असते. मग ढाल कुठे ठेवू? मी दिवसभर हातांचा विचार करत उभा राहायचो. लोखंडातल्या मला हे असे प्रश्न कधी पडले नव्हते.

सदाशिव परत आले. बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं, चेष्टा नव्हती, खरोखरच त्यांना उमगत नव्हतं.

"हो खंयचो?"

"पूर्वेचो, बाबा."

"आमी पूर्वेचेच मगो?"

"हय."

"मगे हो आमच्यासारको कित्याक दिसना?"

ते गेल्यावर गौरवीने माझी शिंगं काढली, खांदे काढले, विजार काढली, आणि मला परत बोडका करून समोर बसून राहिली.

त्यानंतरचे काही दिवस तिने मला कुणालाच दाखवलं नाही. तिने आपल्याकडच्या जुन्या शिपायांची चित्रं गोळा केली आणि फक्त त्यातूनच मला सजवलं. अंगात बारीक कड्यांचं चिलखत, छातीवर पोलादी पट्ट्या, डोक्यावर लोखंडी टोप, कमरेला शेला, हातात धोप. धोप म्हणजे लांब, सरळ पात्याची तलवार. अशी कितीतरी पाती पश्चिमेकडून गलबतांत भरून यायची आणि मूठ त्यांना इथे बसायची, असं ती आपल्या वडिलांना सांगत होती. मीही ऐकत होतो. माझ्या हाताला ती मूठ बरोबर बसली. ढालीला जागा सापडली. मला वाटलं, चला, आता दोन्हीकडे आपलं ठीक झालं.

स्वप्नीलने पाहिलं. "काम सुरेख आहे. पण हा पश्चिमेचा झाला ना?"

"नाही सर. हाच पूर्वेचा आहे. खरा."

"कड्यांचं चिलखत, लोखंडी टोप, सरळ तलवार. गौरवी, खेळणाऱ्याला विचार करायला वेळ नसतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत कुणाला मारायचं ते त्याला ठरवायचं असतं."

"एकदा खेळून तर बघू दे लोकांना."

तो कबूल झाला. कंपनीतलीच माणसं खेळायला बसली, गौरवी इथून बघत होती. गेममधल्या मैदानाचं फाटक उघडलं, दोन्हीकडून मी धावलो, धूळ उडाली आणि माझ्यावर माझ्याच बाजूचे घाव पडू लागले. "अरे, हा आपलाच!" असं कुणीतरी ओरडलं, तोवर मी आडवा. लोक पोट धरून हसत होते. पश्चिमेचा मी पश्चिमेच्या मला मारत होतो, पूर्वेचा मी पाठ फिरवून भलतीकडेच चाललो होतो. कोण जिंकलं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मला तर नाहीच.

स्वप्नील हसला नाही, हे सांगायला हवं. "तुझं खोटं आहे असं मी म्हणत नाही," तो हळू म्हणाला. "पण माणसं ओळखता आली पाहिजेत."

गौरवीने मान हलवली. तो म्हणत होता ते खरं होतं आणि ती म्हणत होती तेही खरं होतं, आणि ह्या दोन खऱ्यांच्या मध्ये मी हात पसरून उभा होतो.

तेव्हा शिगमो, आमचा होळीचा सण, जवळ आला होता. वाड्यावर घोडेमोडणीच्या नाचाची तयारी चालली होती. कमरेला लाकडी तोंडाचा घोडा बांधायचा, पायांत घुंगरं, एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार, आणि ढोलाच्या ठेक्यावर पुढे जायचं, मागे सरायचं, परत पुढे. सदाशिव तरुणपणापासून त्या मेळात नाचायचे. यंदा त्यांनी नाही म्हणून कळवलं होतं. ट्रकच्या क्लचने डावा गुडघा खाऊन टाकला होता, घोड्याचं ओझं आता पेलवणार नव्हतं.

एका दुपारी गौरवीने जनेलातून पाहिलं. पोफळींच्या मधल्या वाटेवर, कुणी बघत नाही असं समजून, सदाशिव एकटेच पावलं टाकत होते. घोडा नाही, ढोल नाही. हातात पाणी अडवायची काठी. ती मोबाइल घेऊन बाहेर धावली. पुढचं सगळं मला त्या चित्रफितीतून कळलं, तिच्यातला आवाजही मी ऐकला.

"बाबा, परत करा."

"कित्याक? पाय दुकता."

"माज्या शिपायाक चलूक शिकवूचा आसा."

सदाशिव थांबले. कानशिलावरचा घाम पुसला. "तुज्या शिपायाक?" त्यांनी विचारलं. मग काठी पोफळीला टेकवली आणि म्हणाले, "मगे रव. मुंडासा बांदून येतंय."

ते खरंच डोक्याला बांधून आले आणि तिच्यासमोर चालले. गुडघे किंचित वाकलेले, छाती ताठ, पाऊल तिरकं पडतं आणि अंग मागून येतं. प्रत्येक वेळी पुढे निघण्याआधी डावा गुडघा जरासा खचतो. गौरवीने ते सगळं माझ्या हाडांत भरलं. घोटा, गुडघा, कंबर, खांदा, एकेक करून. तो खचणारा गुडघाही तिने तसाच ठेवला.

मला पहिल्यांदा चालता आलं. त्याआधी मी नुसताच पुढे सरकत होतो, हे मला तेव्हा समजलं.

परत खेळ झाला. तेच चिलखत, तीच सरळ धोप, पण आता लांबूनही कळत होतं. पश्चिमेचा मी ढालीमागे ताठ चालत यायचो आणि पूर्वेचा मी ठेक्यावर. एकानेही आपल्या माणसावर वार केला नाही. स्वप्नील खुर्चीतून उठला. "ही चाल आणलीस कुठून?"

"बाबांकडून," गौरवी म्हणाली.

चार दिवसांनी त्याचा परत फोन आला. आवाज पडलेला होता. "वरच्या लोकांना चाल फार आवडलीय. इतकी आवडली की ती नायकाला आणि त्याच्या फौजेला द्यायची म्हणतात."

"नायक पश्चिमेचा आहे, सर."

"हो. त्याच बाजूला."

"आणि पूर्वेच्याला?"

"त्याला कंपनीकडे तयार चाल आहे. वाकून, दबकत येतो ती. आणि कपडे आधीचेच घे, शिंगांचे. तलवार वाकडी."

"सर, लोखंडी पत्र्यात कोणी असा चालत नाही!"

"म्हणूनच तो वेगळा दिसतो, असं ते म्हणतात." मग तो म्हणाला, "मी भांडलो, गौरवी. जमलं नाही. आणि तो डावा गुडघा अडखळतोय तेवढा सरळ कर, ती चूक वाटते."

"गुडघा सरळ करायचा असेल तर चाल घेऊ नका," गौरवी म्हणाली. इतक्या कोरड्या आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. गुडघा राहिला.

बाकी सगळं तिने त्यांनी सांगितलं तसं केलं. तिने नकार द्यायला हवा होता का, मला कळत नाही. तिलाही कळत नव्हतं. माझे पूर्वेचे खांदे परत बसवताना तिने दोनदा उलटे बसवले.

आता मी असा आहे: लोखंडात असतो तेव्हा कारापूरच्या शिगम्यासारखा चालतो. शिंगांत असतो तेव्हा वाकून, चोरासारखा येतो, कुणाच्या पायांनी ते मला माहीत नाही. फाटकात आम्ही समोरासमोर येतो. माझीच चाल माझ्यावर चालून येते आणि मी तलवार उगारतो, कारण मला तेच काम दिलेलं आहे.

शिगमो झाला. सदाशिव यंदा रस्त्याकडेला खुर्चीत बसून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी गौरवीने त्यांना संगणकासमोर बसवलं. कसं सांगावं ते तिला सुचत नव्हतं, म्हणून तिने नुसता गेम लावला आणि बटणं त्यांच्या हातात दिली. त्यांच्या वाट्याला पूर्वेचा मी आलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, ते आपली चाल शोधत होते.

फाटक उघडलं. धुळीतून लोखंडी टोप दिसला. मग पाऊल तिरकं पडलं, डावा गुडघा खचला, अंग मागून आलं.

सदाशिव पुढे झुकले. "गो बाये! हो मी!"

"बाबा, तो पश्चिमेचो." गौरवी खाली बघत होती. "त्यांनी तुमची चाल त्याका दिली."

"दिवंदी. पाय माजो मगो?" ते हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "लोखणाच्या टोपयेत घातलंस गो माका! आनंदी, गे आनंदी, हय येऊन बघ!" त्यांनी शेजारणीला हाक मारली.

लोखंडी माणूस जवळ येत होता. "बाबा, बटण दाबा, तो तुमका मारतलो," गौरवी म्हणाली.

"माका माकाच कसो मारूचो?" सदाशिव म्हणाले, आणि हात मांडीवर ठेवून नुसते बघत राहिले. वार बसला. शिंगांसकट मी पडलो. ते टाळ्या वाजवत होते. गौरवी आधी हसली, मग तिने ओढणीने तोंड झाकलं, आणि त्यामागे ती काय करत होती ते मला पडल्या जागेवरून दिसलं नाही.

गेम अजून बाजारात यायचा आहे. कधीतरी मी तुमच्या घरी येईन. तुम्ही हवी ती बाजू घ्या, मला चालेल. फक्त फाटक उघडलं आणि लोखंडी टोप दिसला की लगेच वार करू नका. त्याला चार पावलं चालू द्या.