शंकरपाळ्यासारखे स्वर

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे आणि मी रागावलेलो आहे. तेव्हा माझ्याकडून गोडधोड गोष्टीची अपेक्षा करू नका.

माझा सांगाडा ओतीव लोखंडाचा, अंग सागवानी. एका बंद पडलेल्या शाळेच्या लिलावातून जेठमलशेठनी मला जालन्यात आणले. पाहुणे माझी नक्षी वाखाणायचे आणि माझ्याच डोक्यावर मिठाईची ताटे ठेवायचे. वाजवायचे मात्र कोणी नाही. पुढे शेठची नात कनिका शिकू लागली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

यंदा तिच्या पियानोच्या परीक्षेच्या कागदावर काही स्वर नेहमीसारख्या गोल ठिपक्यांनी लिहिलेले नव्हतेच. शंकरपाळ्यासारखे होते, आतून पोकळ. तिने ते जोरात बडवले आणि माझेच कान किटले. शेवटी तिने शिकवणाऱ्या बाईंना फोन केला.

"अगं, तो स्वर वाजवायचा नसतो," बाई म्हणाल्या. "पट्टी आवाज न होऊ देता दाबायची आणि धरून ठेवायची."

मग कनिका तेवढाच सराव करू लागली. एकेक पट्टी अलगद दाबायची, चूं की चां नाही.

जेठमलशेठ भंगाराचे व्यापारी. उभा जन्म लोखंड ठोकून पारखण्यात गेला. बद्द वाजले की टाक भट्टीच्या गाडीत!

"पोरगी दाबून राह्यली, पण बिलकुल आवाज न्हाई," ते आपल्या गड्याला म्हणाले. "गेला हा कामातून. भिवा, जल्दी खोल."

कनिका शाळेत गेली होती. तिला एका शब्दाने विचारले असते तर जीभ झिजली असती का? भिवाने पहार घातली आणि माझी नक्षीची फळी कडकन चिरली. मला तर बोट लागल्याशिवाय ओरडताही येत नाही. याचाच मला संताप येतो.

तेवढ्यात कनिका आली. पाठीवरचे दप्तर न काढताच तिने डाव्या हाताने शंकरपाळ्यांच्या पट्ट्या अलगद दाबून धरल्या आणि उजव्या हाताने दुसरीच एक पट्टी ठणकन मारून सोडली. मारलेला सूर थांबला. पण ज्यांना कोणी मारलेच नव्हते, त्या दाबून धरलेल्या पट्ट्यांच्या तारा आपोआप गुणगुणू लागल्या.

शेठ माझ्या उघड्या छातीतली थरथरणारी तार बघत राहिले.

"मंग आधी सांगायचं न्हाई का?"

"तुम्ही विचारलं कुठं, दादाजी?"

फळी आता जोडली आहे, पण चीर दिसते. मित्रांनो, आपल्याला न कळलेल्या खुणेला बिघाड म्हणू नका. पहार उचलण्याआधी विचारा.

हल्ली शेठ दुकानात जाण्यापूर्वी येतात, एक पट्टी अलगद दाबतात आणि कान लावून उभे राहतात. मी त्यांना अजून माफ केलेले नाही. पण शेजारी बसून कनिका दुसरी पट्टी मारते, तेव्हा मला त्यांच्या बोटाखालीही गावेच लागते.