बाळूची रीत

"परत मुतला! मी घरात पाऊल टाकलं की मुततो साला!" देवेशने दारातच बूट आपटले.

बाळू कान पाडून, शेपूट पोटाखाली घेऊन लादीला चिकटला होता. फडकं घेऊन गुणाजी खाली बसला.

"साहेब, तो मुद्दाम नाही करत. मी तुमच्यापुढे कोणी नाही, मला मारू नका, असं सांगायची त्याची रीत आहे ती. ओरडलं की अजून करतो."

"मग आता मनोरीला जाऊन सांगू दे. बंगल्याच्या राखणीला कुत्रा हवाय तिकडे. माणूस येतोय अकराला."

गुणाजीचा हात थांबला. बोरिवलीच्या त्या सोसायटीतली कुत्री तो नऊ वर्षं फिरवत होता. भुंकरी, चावरी, सगळ्या तऱ्हेची. पण बाळूसारखं गरीब जनावर त्याने पाहिलं नव्हतं. मांजर समोर आलं तरी हा उताणा होऊन पोट दाखवायचा. शरच्चंद्रकाका होते तोवर त्याला कुणी चढ्या आवाजात हाकही मारली नाही. काका गेले, मुलगा देवेश परत राहायला आला आणि आठ महिन्यांत बाळूच्या पाठीवर कमरेच्या पट्ट्याचे वळ उठले. गुणाजी ते पाहायचा आणि गप्प बसायचा. आता हा कसली राखण करणार? भुंकत नाही म्हणून तिथे झोडतील, मारूनच टाकतील.

तो स्वयंपाकघरात गेला. काकांच्या पत्नी माणिकवहिनी पोळ्या लाटत होत्या.

"वहिनी, तुम्ही बोला ना. मरेल हो तो तिकडे."

"मी काय बोलू, गुणाजी?"

"आई! चहा कुठाय?" बाहेरून आवाज आला. वहिनींची मान खाली गेली, खांदे आखडले. गॅसकडे वळताना पदर सरकला. दंडावर निळा-काळा डाग होता. गुणाजीने पाहिलं हे त्यांनी पाहिलं आणि पदर ओढून घेतला.

अकराला टेम्पो घेऊन आकाश नावाचा माणूस आला. साखळी पाहताच बाळू उताणा पडला.

"देवेश, राहू दे ना रे त्याला," वहिनी कशाबशा म्हणाल्या.

देवेशने नुसतं वळून पाहिलं. वहिनी आत गेल्या.

"मी येतो सोडायला," गुणाजी म्हणाला आणि कुणी काही बोलायच्या आत टेम्पोत चढला. वाटभर बाळूचं अंग त्याच्या मांडीवर थरथरत होतं.

मार्व्याच्या धक्क्यावर मनोरीला जाणारी बोट लागली होती. गुणाजीने साखळी सोडली नाही.

"आकाश, हा राखण नाही करणार रे. मालकाला सांग, धक्क्यावरून पळाला."

"काका, वाट लावाल माझी."

गुणाजीने हात जोडले. हाताखालची कुत्री सोडली तर जन्मात त्याने कुणाला काही करायला लावलं नव्हतं. आकाशने बाळूकडे पाहिलं. तो परत पोट वर करून पडला होता.

"जावा. मी बघितलं नाही, जावा लवकर," आकाश म्हणाला आणि बोटीकडे निघून गेला.

कुत्रा पाहून एकही रिक्षा थांबेना. भर उन्हात दोघं चालत निघाले. गुणाजीने बायकोला फोन लावला आणि बाळूला घरी आणतोय म्हणून सांगितलं.

"अवो, धा बाय बाराची खोली," वनमाला म्हणाली, "त्यात माझो दमो. खंय ठेवतलास त्याका?"

"म्हायत नाय गे. पन थंय ठेवन येवक नाय जमला. तो देवेश मारता त्याका. वयनींकव मारता. दंड काळोनिळो झालेलो बघितलंय मी."

"कुत्र्याक घेवन इलास," वनमाला म्हणाली, "आनि वयनींक थंयच ठेवलास?"

रस्त्याच्या कडेला गुणाजी थांबला. फोन कानालाच होता.